श्लेष आणि लांबी : मेंदूतील एका रूपकाचा इतिहास

अलंकार शिकवताना श्लेषापाशी आलो की पेंगुळलेला वर्ग थोडा जागा होतो, हा आम्हा दोघांचाही अनेक वर्षांचा अनुभव आहे. एकाच शब्दात दोन अर्थ परस्परांना बिलगून बसतात, म्हणून तो श्लेष. मूळ धातू ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणे, आलिंगणे. आश्लेष, संश्लेषण, विश्लेषण ही सारी त्याचीच लेकरे. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या तासाला हे फळ्यावर लिहिले जात असताना, बारावीपर्यंत विज्ञान शिकून पुढे मराठीकडे वळलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मेंदूतल्या चेताश्लेष पेशी म्हणतात, त्यातला श्लेष हाच का?” धातू तोच, एवढे उत्तर तेव्हा देता आले. पण दोन अर्थ कोणते, हे तिने पुढे विचारले असते तर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने विचारले नाही. प्रश्न मात्र आमच्याकडे राहिला.

पुढचे लेखन त्या राहिलेल्या प्रश्नाचे आहे. आम्ही भाषेचे अध्यापक. सूक्ष्मदर्शकाला आमचा डोळा शेवटचा लागला तो शाळेच्या प्रयोगशाळेत. तेव्हा येथे आम्ही मेंदूविज्ञान शिकवायला बसलेलो नाही. एखाद्या गोष्टीला दिलेले नाव त्या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी किती काळ बांधून ठेवू शकते, याचे इतके ठळक उदाहरण आम्हाला साहित्याच्या इतिहासातही क्वचितच भेटले आहे; आणि रूपकांची चिकित्सा हे तर आपले, म्हणजे या पानावर येणाऱ्या लेखक-वाचकांचे, नित्याचे काम.

नाव दिले रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने. मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतींचे निरीक्षण करताना चेतातत्त्वांच्या मधोमध पसरलेला एक पदार्थ त्याला १८४६ मध्येच जाणवला होता. १८५६ मध्ये त्याने त्याचे ‘न्यूरोग्लिया’ असे नामकरण केले आणि १८५८ च्या बर्लिनमधील व्याख्यानांत ते सविस्तर मांडले. ‘ग्लिया’ म्हणजे ग्रीक भाषेत सरस, खळ. त्याच अर्थाचा घरगुती जर्मन शब्दही त्याने वापरला : ‘नेर्फेनकिट’. किट म्हणजे खिडकीच्या चौकटीत काच बसवताना सुतार जी लांबी भरतो, ती. म्हणजे काच ही खरी वस्तू. चौकट हा तिचा आधार. आणि लांबी कशासाठी, तर फटी बुजवण्यासाठी. फिर्खोवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, या मधल्या द्रव्याला त्याने क्षुद्र मानलेले नव्हते. रोगाचे मूळ पुष्कळदा या मधल्या द्रव्यातच असते, असा त्याचा आग्रह होता. परंतु नाव उच्चारणाऱ्याचा हेतू आणि नावाचा प्रभाव यांचा मेळ बसतोच असे नाही. पुढच्या पिढ्यांनी फिर्खोचा आग्रह विसरला आणि लांबी तेवढी लक्षात ठेवली.

यानंतरचे दृश्य इटलीतील. मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो या गावी असाध्य रुग्णांच्या आश्रयगृहात नोकरीला असलेल्या कामिल्लो गोल्जीने तेथील एका जुन्या स्वयंपाकघरात आपली प्रयोगशाळा थाटली होती. तेथे त्याने मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवले, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवले. आणि १८७३ मध्ये पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याकुट्ट, संपूर्ण, शाखाविस्तारासह उभ्या राहिलेल्या पेशी जगाने प्रथमच पाहिल्या. या पद्धतीचे मर्म तिच्या कंजूषपणात आहे. ती सगळ्या पेशी रंगवत नाही, मोजक्याच रंगवते. सगळ्या रंगवल्या असत्या तर काळ्या डागापलीकडे काही दिसलेच नसते. त्या मोजक्या पेशींत चेतापेशी होत्या, तशाच ताऱ्यासारख्या चहूकडे बाहू पसरलेल्या, रक्तवाहिनीच्या भिंतीवर पाऊल रोवून उभ्या असलेल्या दुसऱ्याही पेशी होत्या. याच तारकापेशी, ॲस्ट्रोसाइट हे त्यांचे प्रचलित नाव १८९० च्या दशकात रूढ झाले. गोल्जीने त्या पाहिल्या, काढल्या, आणि रक्तातून रस घेऊन चेतापेशींना पोसणे हे त्यांचे काम असावे असे अनुमान केले. लांबीला बढती मिळून ती दाई झाली, इतकेच.

पुढची गोष्ट परिचित आहे. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल याने १८८७ मध्ये माद्रिदमध्ये गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेली काचपट्टी पाहिली आणि त्याचे आयुष्य बदलले. चेतापेशी म्हणजे अखंड जाळ्याचे धागे, असे गोल्जी मानीत होता. काहालने दाखवले की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, दोहोंच्या टोकांमध्ये स्पर्श आहे पण सलगता नाही. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, आणि स्टॉकहोममध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोघांनी दिलेली व्याख्याने म्हणजे एकमेकांच्या सिद्धान्ताचा प्रतिवादच होता. पारितोषिकाच्या इतिहासात असा समारंभ विरळा. काहाल जिंकला, आणि रास्तपणे जिंकला. पण त्या विजयाबरोबर एक गोष्ट निसटली, तिकडे आमचे लक्ष आहे. पेशी स्वतंत्र म्हटल्यावर मेंदूची कथा पात्रांची कथा झाली. पात्रांच्या मधल्या अवकाशात काय आहे, हा प्रश्नच गौण ठरला.

त्या मधल्या अवकाशाला मिळालेल्या नावाची हकिकत साहित्याच्या अध्यापकांनी जरूर लक्षात ठेवावी अशी आहे. १८९७ मध्ये मायकल फॉस्टरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध होत होती. त्यात चेतासंस्थेवरचा भाग लिहिणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टनला, दोन चेतापेशी जिथे भिडतात त्या जागेसाठी शब्द हवा होता. त्याच्या मनात ‘सिंडेस्म’ होते. फॉस्टरने केम्ब्रिजमधील आपला ग्रीकज्ञ मित्र आर्थर व्हेरॉल याला विचारले. तो युरिपिडीसचा नामांकित अभ्यासक. त्याने ‘सिनॅप्स’ सुचवले, कारण त्यापासून विशेषण अधिक सुबक होते. मेंदूतील सर्वांत चर्चित जागेचे नाव असे एका नाट्याभ्यासकाने, व्याकरणाच्या सोयीने दिलेले आहे. हाच व्हेरॉल पुढे १९११ मध्ये केम्ब्रिजचा इंग्रजी साहित्याचा पहिला किंग एडवर्ड प्राध्यापक झाला. सिनॅप्सचा धात्वर्थ काय? एकमेकांना पकडणे, बिलगणे. म्हणजे ‘श्लिष्’च! एकीकडे चिकटवणारा सरस, दुसरीकडे बिलगणारे दोन हात. युरोपीय भाषांत ही दोन वेगळी, एकमेकांशी न बोलणारी नावे झाली. आपल्याकडे दोन्ही अर्थ एकाच धातूत नांदतात. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे हे पहिले अर्धे उत्तर.

श्लेषपेशींचा आणि सिनॅप्सचा संबंध कुणालाच सुचला नव्हता असे मात्र नाही, आणि इतिहास लिहिताना हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बर्लिनचा शल्यचिकित्सक कार्ल लुडविग श्लाइख (स्थानिक भूल देण्याच्या तंत्राचा हा एक प्रवर्तक, नाटककार स्ट्रिंडबर्गचा मित्र आणि स्वतः ललित लेखक) याने १८९४ मध्येच लिहिले की, या पेशी चेतापेशींमधल्या फटींत शिरून प्रवाह अडवतात वा मोकळा करतात. पुढच्याच वर्षी खुद्द काहालने तशीच कल्पना केली : तारकापेशींच्या शाखा पसरल्या की जोड तुटतो, आकसल्या की जुळतो, निद्रा आणि जागृती यांचे गमक कदाचित येथे असेल. १९०७ मध्ये एर्नेस्तो लुगारो या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने सुचवले की, चेतापेशींच्या सांध्यात काही रासायनिक द्रव्य स्रवत असावे आणि ते टिपून घेऊन जागा स्वच्छ करण्याचे काम श्लेषपेशी करीत असाव्यात. सिनॅप्सवर रासायनिक द्रव्यांनी संदेश जातो हे सिद्ध व्हायला तेव्हा अजून वर्षे लागायची होती. आज हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. पण तपासण्याचे साधन नसलेली कल्पना ही विज्ञानात फार तर सुभाषित ठरते. ही तिन्ही सुभाषिते वहीत राहिली.

गोल्जीने आणखी एक गोष्ट पाहिली होती, आणि या लेखाचा दुसरा धागा तिथून सुरू होतो. १८९८ मध्ये त्याने काही चेतापेशींच्या अंगावर एक नाजूक जाळी नोंदवली : पेशीचे धड आणि तिच्या शाखांची बुडे यांना लपेटणारी, मधोमध भोके असलेली, बारीक विणीची. काहालने तिची वासलात एका वाक्यात लावली. पेशीभोवतीचा द्रव रसायनांमुळे गोठून जे थिजते तेच हे, तो पद्धतीचा दोष आहे, वस्तू नव्हे. तोवर काहालचा शब्द प्रमाण झाला होता. जाळीवर लिहिणारे काही लोक राहिले, पण मुख्य प्रवाहातून ती अनेक दशके जवळजवळ नाहीशी झाली. पेशींची स्वतंत्रता सिद्ध करणाऱ्याला प्रत्येक जाळ्यात गोल्जीच्या अखंड जाळ्याचे भूत दिसत असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच; पण वाङ्मयीन वादांत प्रतिपक्षाचा खोटा मुद्दा खोडताना त्याच्या हातातला खरा मुद्दाही फेकला जातो, हे आपण कितीदा पाहिले आहे!

काहालच्या प्रयोगशाळेतच आणखी एक प्रकरण घडले. पिओ देल रिओ ओर्तेगा या त्याच्या सहकाऱ्याने १९१९ मध्ये रौप्य कार्बोनेटच्या नव्या पद्धतीने मेंदूतील आणखी एक पेशीप्रकार वेगळा काढला : मायक्रोग्लिया. चपळ, भटक्या, इजा झालेल्या जागी धावून जाणाऱ्या, मृत अंश गिळणाऱ्या पेशी. काहालने ज्यांना ढोबळपणे ‘तिसरे तत्त्व’ म्हटले होते, त्यांतून ओर्तेगाने दोन निराळ्या जाती दाखवल्या. गुरूला हे रुचले नाही. १९२० मध्ये ओर्तेगाला प्रयोगशाळा सोडावी लागली आणि त्याची नवी जागा माद्रिदच्या ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’मध्ये झाली. हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटेल : लोर्का, बुन्युएल आणि थोड्या काळाने दाली यांच्या तारुण्याचे हेच आवार. एका इमारतीत नव्या स्पॅनिश कवितेची जुळवाजुळव चालली असताना शेजारी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे राखणदार मोजीत होता, हे चित्र आम्हाला सोडवत नाही. यादवी युद्ध सुरू झाल्यावर ओर्तेगा आधी पॅरिस, मग ऑक्सफर्ड, शेवटी बुएनोस आइरेस असा भटकला आणि १९४५ मध्ये परदेशातच वारला.

मधली चाळीस-पन्नास वर्षे भराभर ओलांडू. हा काळ विद्युतमापनाचा. चेतापेशीत सुई खुपसली की विजेचे ठोके ऐकू येत. श्लेषपेशीत खुपसली की शांतता. जे बोलत नाही ते विचारही करीत नाही, असे त्या शांततेचे भाषांतर झाले. १९६६ मध्ये हार्वर्डच्या स्टीफन कफलर आणि सहकाऱ्यांनी एका उभयचर प्राण्याच्या दृष्टिचेतेवर दाखवले की, शेजारच्या चेतातंतूंतून संदेश गेला की श्लेषपेशींतही मंद विद्युतबदल होतो, कारण बाहेर सांडलेले पोटॅशियम त्यांना जाणवते. म्हणजे त्या ऐकत होत्या. पण ऐकणारा मध्येच काही बोलतो काय, हे तेव्हाच्या कानांना कळण्यासारखे नव्हते.

ते कळले १९९० मध्ये, आणि कानांनी नव्हे, डोळ्यांनी. कॅल्शियम वाढले की उजळणारी द्रव्ये पेशींत भरून येल विद्यापीठातील संशोधकांनी तारकापेशींच्या थरावर ग्लुटामेट सोडले. हे चेतापेशींचे मुख्य संदेशवाहक द्रव्य. थरातून कॅल्शियमच्या लाटा पसरत गेल्या, एका पेशीतून दुसरीत. चेतातंतूतील संदेश सेकंदाला काही मीटरपासून शंभर मीटरपर्यंत धावतो. ही लाट सेकंदाला मिलिमीटरच्या काही शतांशांनी सरकते. शंभर वर्षे लोक विजेचा कडकडाट ऐकायला बसले होते आणि तिथे भरती-ओहोटी चालली होती. पुढच्या काही वर्षांत या पेशी स्वतःही द्रव्ये सोडतात व चेतापेशींवर परिणाम करतात असे दाखवणारे प्रयोग आले, आणि १९९९ मध्ये अल्फोन्सो आराके, फिलिप हेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘त्रिपक्षी सिनॅप्स’ ही संज्ञा मांडली. देणारी चेतापेशी, घेणारी चेतापेशी, आणि दोघींना वेढून बसलेली तारकापेशी. उंदराच्या एका तारकापेशीच्या क्षेत्रात सुमारे लाखभर सिनॅप्स येतात, माणसाच्या एकीच्या क्षेत्रात काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत, असे अंदाज आहेत. आणि शेताला बांध असावेत तशी शेजारणींनी आपापली हद्द बहुतांशी राखलेली असते.

आमच्या दृष्टीने याहून निर्णायक प्रयोग स्टॅनफर्डच्या बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेतले. प्रश्न अगदी साधा होता : श्लेषपेशी काढून टाकल्या तर काय होईल? उंदराच्या डोळ्याच्या पडद्यातील चेतापेशी त्यांनी शुद्ध स्वरूपात, एकही श्लेषपेशी न ठेवता वाढवल्या. त्या जगल्या, शाखा फुटल्या, पण त्यांच्यात सिनॅप्स मोजकेच झाले. तारकापेशी सोबतीला आणल्या, किंवा नुसते त्या ज्या द्रवात वाढल्या तो द्रव घातला, की सिनॅप्सची संख्या सुमारे सातपट झाली. हा शोध २००१ चा. द्रवात काय होते? २००५ मध्ये उत्तर आले : थ्रॉम्बोस्पॉन्डिन नावाची प्रथिने, म्हणजे पेशींबाहेरच्या आधारद्रव्याचे घटक. येथे आपले दोन धागे प्रथमच एकमेकांत गुंततात. श्लेषपेशी काही द्रव्य बाहेर सोडते, ते द्रव्य बाहेरच्या विणीचा भाग होते, आणि ती वीण दोन चेतापेशींना एकमेकींकडे ओढते. यातली मौज अशी की थ्रॉम्बोस्पॉन्डिनने घडवलेले सिनॅप्स दिसायला पूर्ण, पण मुके असतात. संदेश ग्रहण करणारी यंत्रणा त्यांत नसते. त्यांना वाचा देणारी दुसरी प्रथिने, ग्लिपिकन, २०१२ मध्ये सापडली. तीही तारकापेशींचीच.

बॅरेस यांच्याविषयी एक अवांतर. स्त्री म्हणून जन्मलेले बॅरेस चाळिशीत पुरुष म्हणून राहू लागले. त्यानंतरच्या एका व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणाले, बॅरेसचे काम त्याच्या बहिणीच्या कामापेक्षा बरेच सरस आहे. बहीण म्हणजे तेच, पूर्वीच्या नावाने. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी स्वतःच हे लिहिले. कोणाचे बोलणे ऐकू येते आणि कोणाचे येत नाही, याची जाण असलेला माणूस मुक्या मानलेल्या पेशींकडे वळला, यात कार्यकारणभाव शोधणे हा चरित्रात्मक समीक्षेचा जुनाच मोह आहे. आम्ही तो आवरतो. कारण श्लेषपेशींवरचे त्यांचे काम त्याआधीच सुरू झाले होते.

याच प्रयोगशाळेत २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स यांनी दाखवले की, वाढत्या मेंदूत नको असलेल्या सिनॅप्सवर रक्तातील रोगप्रतिकाराच्या साखळीतली प्रथिने खुणेसारखी बसतात. २०१२ पर्यंत हेही दिसले की, त्या खुणा वाचून मायक्रोग्लिया ते सिनॅप्स गिळतात. ओर्तेगाचे राखणदार आता संपादक ठरले. संपादकाचे काम कापण्याचे असते, आणि कापल्याशिवाय मजकूर उभा राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको. मात्र कात्री कुठे थांबवावी हे न कळणारा संपादकही आपल्या परिचयाचा आहे. अल्झायमरच्या आरंभी हीच छाटणी अवेळी पुन्हा सुरू होते असे उंदरांवरचे प्रयोग सुचवतात.

आता गोल्जीच्या जाळीकडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या रंजनपद्धतींनी ती पुन्हा दिसू लागली, आणि ती गोठलेल्या द्रवाचा भास नाही हे निर्विवाद झाले. हायल्युरोनन नावाच्या लांबच लांब शर्करासाखळ्या, त्यांना जोडलेली काँड्रॉइटिन सल्फेटधारी प्रथिने, त्यांना गाठ मारणारी आणखी काही. ही वीण मुख्यतः इतरांना आवर घालणाऱ्या एका जातीच्या चेतापेशींभोवती असते, आणि तिच्या भोकांतून सिनॅप्स आत पोहोचतात. ती जन्मतः नसते. बालपण सरता सरता, अनुभव मिळत जातो तशी ती विणली जाते. अंधारात वाढवलेल्या प्राण्यांच्या दृष्टिकेंद्रात तिचे विणणे लांबते.

ह्यूबेल आणि वीझल (नोबेल १९८१) यांनी मांजरीच्या पिलांवर दाखवले होते की, विशिष्ट वयात एक डोळा बंद राहिला तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. ते वय उलटल्यावर डोळा झाकला तरी फरक पडत नाही. दार मिटते. ते कशाने मिटते? २००२ मध्ये पिसा येथे तोमासो पित्सोरुस्सो, लाम्बेर्तो माफेई आणि सहकाऱ्यांनी एका जिवाणूपासून मिळणाऱ्या विकराने प्रौढ उंदरांच्या दृष्टिकेंद्रातील काँड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या कापल्या. दार पुन्हा उघडले : प्रौढ मेंदू एक डोळा बंद होताच बाळाच्या मेंदूसारखा बदलला. इटलीतच पाहिली गेलेली, नाकारली गेलेली जाळी शंभराहून अधिक वर्षांनी इटलीतच सिद्ध व्हावी, यात योगायोगापलीकडे काही नसेल. आम्हाला तो योगायोग आवडला.

भयाच्या स्मृतीविषयीचा २००९ चा प्रयोग याहून अस्वस्थ करणारा आहे. अगदी लहान उंदराला एखाद्या आवाजाची भीती शिकवली आणि मग तो आवाज निरुपद्रवी आहे असे पुन्हा पुन्हा अनुभवू दिले, तर भीती पुसली जाते, कायमची. प्रौढ उंदराची भीती दबते, पण पुसली जात नाही. पुढे कधीतरी उसळून येते. हा बदल जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास होतो, आणि त्याच दिवसांत मेंदूच्या भयकेंद्रात जाळी पुरी होते. प्रौढ उंदराची जाळी विकराने विरघळवून मग भीती शिकवली, तर ती भीती पुन्हा पुसण्याजोगी राहिली. मात्र भीती शिकून झाल्यावर जाळी काढली तर हा उपयोग झाला नाही. वृत्तपत्री लेखांतून ‘आघाताच्या आठवणी पुसणारे औषध’ अशी जी भाषा येते, तिने हे शेवटचे वाक्य सहसा गाळलेले असते. आघात आधी सांगून येत नाही. औषध मात्र आधी घ्यावे लागेल!

याच टप्प्यावर रॉजर चेन यांनी एक धाडसी कल्पना मांडली. हिरवे चमकणारे प्रथिन संशोधनाच्या कामी आणल्याबद्दल २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी हे एक. सिनॅप्समधील बहुतेक प्रथिने काही दिवसांत झिजतात, बदलली जातात. मग साठ वर्षांपूर्वीच्या अंगणाची आठवण कशावर लिहिलेली असते? चेन यांनी २०१३ मध्ये सुचवले की ती जाळीतल्या भोकांच्या आकृतिबंधात असावी, कारण बाहेरच्या विणीचे घटक फार काळ टिकतात. मजकूर अक्षरांत नाही, अक्षरांभोवतीच्या कोऱ्या जागेत आहे, असे म्हणण्यासारखेच हे. कवितेच्या अभ्यासकांना ही कल्पना फार मोहवते आणि म्हणूनच आम्ही तिच्यापासून हातभर दूर राहतो. चेन २०१६ मध्ये वारले. कल्पना अजून कल्पनाच आहे.

दूर राहण्याचे कारण स्वानुभवाचे आहे. आमच्यापैकी एकाने कैक वर्षांपूर्वी एका लेखात ‘मेंदूत चेतापेशींच्या दसपट श्लेषपेशी असतात’ असे ठोकून दिले होते, आणि आइन्स्टाइनच्या मेंदूत त्या जास्त सापडल्याचेही. पहिली गोष्ट चूक आहे. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हेर्कुलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूचा अक्षरशः रस्सा करून त्यातील पेशीकेंद्रके मोजली : सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तितक्याच, ८५ अब्जांच्या आसपास, इतर पेशी. दुसरी गोष्ट १९८५ च्या एका शोधनिबंधातली : चार जागा तपासल्या, त्यांतल्या एकाच जागी फरक ठरला, आणि आइन्स्टाइन होता एकच. उपेक्षितांची बाजू घेताना त्यांची संख्या फुगवण्याचा मोह होतो. साहित्येतिहासात तो आम्ही इतरांच्या लेखनात नेमका ओळखतो.

त्रिपक्षी सिनॅप्सचेही सर्व मान्य झालेले नाही. तारकापेशी खऱ्याखुऱ्या मेंदूत, बशीतल्या थरात नव्हे, ग्लुटामेट सोडतात का, यावर दोन पक्ष वर्षानुवर्षे झगडत आले. २०१० मध्ये काही संशोधकांनी उंदरांच्या तारकापेशींतील कॅल्शियमचा एक मार्ग बंद केला आणि दुसऱ्या उंदरांत तो उद्दीपित केला. सिनॅप्सच्या लवचीकतेत काहीच फरक दिसला नाही. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवले की अशी सोडण्याची यंत्रणा असलेल्या तारकापेशी आहेत, पण सगळ्या नव्हेत, एक विशिष्ट गटच. म्हणजे दोघांच्याही पदरात थोडे थोडे पडले. आमचे मत विचाराल तर, ‘पक्ष’ हे रूपकच थोडे फसवे आहे. वकिलांच्या कचेरीतून आलेल्या शब्दाने मग ‘बोलतो कोण’ एवढाच प्रश्न उरतो. २०१९ मधील एका प्रयोगात मात्र बोलणे बाजूला पडले. पाण्यात पुढे सरकण्याचा भास बंद केल्यावर पोहत राहणारे चिमुकले मासे काही वेळाने हातपाय गाळतात. त्यांचे निष्फळ प्रयत्न मोजत जाणारे, बेरीज पुरी होताच ‘आता थांब’ असे घडवून आणणारे घटक श्लेषपेशी निघाले. हताश होण्याचा हिशेब लांबी ठेवते, हे फिर्खोला कुणी सांगितले असते तर?

शेवटी २०२० चे एक काम, कारण त्यात दोन्ही धागे पुन्हा एकत्र येतात. सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांना दिसले की, अनुभव येत असताना स्मृतिकेंद्रातील काही चेतापेशी एक रासायनिक हाक देतात. ती ऐकून मायक्रोग्लिया सिनॅप्सभोवतीचे आधारद्रव्य खाऊन थोडी जागा मोकळी करतात, आणि त्या मोकळ्या जागेत नवे सिनॅप्स उभे राहतात. ही हाक बंद केली तर उंदीर भय विसरत नाही. उलट, ते ढोबळ होते : जिथे धक्का बसला होता ती जागा आणि तिच्यासारखी दिसणारी निर्धोक जागा यांतला फरक त्याला नीट करता येत नाही.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला आज असे सांगता येईल : हो, श्लेष तोच, आणि अर्थ दोन आहेत. चिकटवणे हा एक. दुसरा, दोन गोष्टी एकमेकींना बिलगलेल्या असतानाही त्या दोन आहेत हे कळत राहणे. ती आता एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवते. हे लिहून झाले की दुवा तिला पाठवायचा आहे.